कथा चालना भाऊ?

खानदेशात रस्त्यावर कोणी ओळखीचं भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "कथा चालना भाऊ?" म्हणजे कुठे चाललास. त्याचं उत्तर मिळालं की लगेच दुसरा, कुठून येतोयस. एवढं कळलं की समोरच्याचा अख्खा प्रवास कळतो. वाहतूक अभियांत्रिकी नावाचं जे शास्त्र आहे, त्यातली माणसं गेली ऐंशी वर्षं याच दोन प्रश्नांच्या मागे लागली आहेत. फरक इतकाच की त्यांना एका भावाचं उत्तर पुरत नाही. रस्त्यावरच्या सगळ्यांचं हवं असतं, आणि शक्यतो कोणालाही न थांबवता.

माझ्या नोकरीत ट्रकांच्या जीपीएसचे ठिपके रोज बघावे लागतात. कुठला ठिपका कुठल्या रस्त्यावर, कुठून निघाला, कुठे थांबला. सोमवार ते शुक्रवार हे केल्यावर खरं तर शनिवारी माणसाने दुसरं काहीतरी करावं. पण या उद्योगाचा इतिहास वाचत बसलो आणि तो फिरून फिरून जळगाव-धुळ्यालाच येत राहिला. म्हणून हा लेख. लांबलाय, चहा घेऊन बसा.

आधी हे उत्तर कशाला हवं ते सांगतो, नाहीतर पुढचं सगळं कोरडं वाटेल. सुरत-धुळे-जळगाव-नागपूर हा पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग ६ (२०१० मध्ये क्रमांक बदलले, आता ५३) जळगाव शहराच्या पोटातून जातो. पश्चिमेला गिरणेपलीकडे बांभोरीजवळ विद्यापीठ, पूर्वेकडे एमआयडीसी, आणि मध्ये खोटेनगर, शिव कॉलनी, आकाशवाणी चौक, इच्छादेवी, अजिंठा चौफुली अशी गावातलीच नावं. कोलकात्याकडे निघालेला ट्रक आणि क्लासला निघालेली स्कूटीवरची मुलगी एकाच डांबरावर. या पट्ट्यात इतके जीव गेले की 'समांतर रस्ते' हा जळगावात वर्षानुवर्षं आंदोलनाचा शब्द होऊन बसला. दुसरीकडे महामार्गाच्या चौपदरीकरणात शहराला वळसा घालणारा पाळधी ते तरसोद बायपास आखला गेला.

आता प्रश्न असा की बायपासमुळे शहरातल्या महामार्गावरची किती वाहनं कमी होतात? फक्त तेवढीच, ज्यांना जळगावात काही काम नाही. बाकीच्यांसाठी समांतर रस्ता, भुयारी मार्ग, सिग्नल वगैरे. म्हणजे दोन उपाय दोन वेगवेगळ्या लोकांसाठी आहेत. आणि चौकात उभं राहून कितीही प्रामाणिकपणे वाहनं मोजली, तरी त्यातली पार जाणारी किती आणि गावातल्या गावात फिरणारी किती हे मोजणीत दिसतच नाही. पुढून जाणारी गाडी कपाळावर गंतव्य लिहून फिरत नाही.

खानदेशातला 'ट्रॅक केलेला' जुना प्रवास म्हटलं की मला सर थॉमस रो आठवतो. इंग्लंडच्या पहिल्या जेम्सचा हा वकील जहांगीराच्या दरबारी निघाला होता. नोव्हेंबर १६१५ मध्ये तो सुरतेहून बुऱ्हाणपूरला गेला आणि रोजनिशीत मुक्काम लिहीत गेला: नंदुरबार, शिंदखेडा, थाळनेर, चोपडा, रावेर, मग बुऱ्हाणपूर. प्रत्येक मुक्कामाला तारीख, नाव आणि किती कोस आलो. वेळ, ठिकाण, अंतर. आमच्या टेबलातले कॉलम हेच आहेत, फक्त रोचा ठिपका दिवसाला एक पडतो. पुढे तॅव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्यानेही सुरत-बुऱ्हाणपूरचे टप्पे कोसांसकट लिहून ठेवले: बारडोली, नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा. दोन वेगळी माणसं, वेगळी वर्षं, आणि वाट जवळपास तीच.

या यादीत धुळे नाही आणि जळगावही नाही. थाळनेर, चोपडा, रावेर ही गावं तापीच्या उत्तरेला. म्हणजे तेव्हाचा मुख्य रस्ता आजच्या महामार्गासारखा दक्षिणेकडून जात नव्हता, नदी ओलांडून उत्तर काठाने जात होता. दोन जुन्या रोजनिश्यांतून एवढं कळतं, आणि हे काही थोडं नाही.

रोने गावांची नावं कानाला ऐकू आली तशी लिहिली. १८९९ मध्ये हकलूट सोसायटीसाठी विल्यम फॉस्टर याने ती रोजनिशी संपादित केली, तेव्हा तळटीपांमध्ये ती नावं खऱ्या नकाशावर बसवली. असं काम करताना एखादं वेडंवाकडं नाव दोन गावांना लागू पडलं तर आदला मुक्काम कुठला, पुढचा कुठला, मध्ये किती कोस, हे बघून ठरवावं लागतं. आमच्याकडे याला मॅप-मॅचिंग म्हणतात. त्यावर पुढे येतो.

पण रोच्या रोजनिशीने एका तांड्याची वाट कळते. त्याच वर्षी त्याच वाटेने मीठ-धान्य वाहणारे बंजाऱ्यांचे किती बैल गेले, हे त्यात नाही. ते कळायचं तर जकातीच्या नाक्याची वही लागते. आणि त्या वहीत नेमकं उलटं: बैल किती गेले ते असणार, कुठे गेले ते नसणार. नाकेदाराला आपले पैसे मिळाल्याशी मतलब. या दोन प्रकारच्या नोंदी, एकाची पूर्ण वाट किंवा सगळ्यांचा एका जागचा आकडा, या विषयात शेवटपर्यंत वेगळ्याच राहिल्यात. सगळं गणित त्यांचं लग्न लावण्याचं आहे.

इंग्रज आले, १८१८ नंतर कॅप्टन जॉन ब्रिग्जने धुळ्याला खानदेशाचं ठाणं केलं, पुढे मुंबई-आग्रा रस्ता धुळ्यावरून गेला. १८७५ मध्ये मुंबई इलाख्यात रस्ते आणि पुलांवरच्या टोलचा कायदा झाला, म्हणजे नाक्याची वही सरकारी झाली. (धुळ्याच्या दक्षिणेला लळिंगचा फारुकी काळातला किल्ला ज्या घाटावर नजर ठेवून आहे, त्याच रस्त्यावर खाली आज लळिंगचा टोलनाका आहे. जागा निवडण्यात सरकारं बदलली तरी एकमत दिसतं.)

मग रेल्वे आली आणि काही काळ हा प्रश्नच मिटल्यासारखा झाला. १८६० च्या दशकात जीआयपीची लाइन चाळीसगाव, पाचोरा, जळगाव करत भुसावळला पोचली. रेल्वेची गंमत अशी की तिच्या तिकिटावर आणि मालाच्या पावतीवर दोन्ही टोकं छापलेली असतात. जळगावहून मुंबईला किती गाठी कापूस गेला हे कारकुनाला अंदाजावं लागत नाही, बेरीज करावी लागते. धुळ्याला चाळीसगावहून फाटा मिळाला तो १९०० मध्ये, तोवर धुळ्याकडचा माल बैलगाडीतून स्टेशन गाठत होता, आणि तो प्रवास कुठल्या पावतीवर नव्हता. पावतीच्या दृष्टीने माल स्टेशनातच उगवायचा.

एसटीचंही तसंच. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर पहिली गाडी सुटली, आणि पुढची कित्येक दशकं महाराष्ट्रातल्या ग्रामीण प्रवासाची सगळ्यात चांगली कुठून-कुठे नोंद कंडक्टरच्या वे-बिलावर होती. एसटीचा टप्पा सहा किलोमीटरचा. पारोळ्याला इतक्या किमतीची इतकी तिकिटं फाडली, म्हणजे ती माणसं इतक्या टप्प्यांवर उतरणार. यावर कोणी प्रबंध लिहायला हवा होता असं मला फार वाटतं. ते कागद रद्दीत गेले असणार...

असो. मोटारी वाढल्यावर मात्र पुन्हा अंधार. मोटारवाल्याला तिकीट नसतं. १९२७ मध्ये बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली रस्ते विकास समिती नेमली गेली (हेच पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू). त्यांच्या १९२८ च्या अहवालातून पेट्रोलवरचा जादा कर आणि केंद्रीय रस्ते निधी, आणि त्याच वाटेने पुढे १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस, म्हणजे आयआरसी, आली. पेट्रोलवर कर लावला की देशात एकूण किती गाड्या किती फिरल्या याचा अंदाज येतो, पण कुठे फिरल्या ते नाही. १९४३ मध्ये मुख्य अभियंत्यांची परिषद नागपूरला भरली आणि तिथे पुढच्या वीस वर्षांची रस्त्यांची योजना ठरली. ती 'नागपूर योजना' सूत्रावर चालली: शेतीखालचं क्षेत्र किती, अमुक लोकसंख्येची गावं किती, त्यावरून रस्त्याची लांबी. लोक कुठून कुठे जातात हे माहीत नसेल तर गावं नकाशावर कुठे आहेत यावरून रस्ते आखायचे. मला यात कमीपणा दिसत नाही. माहिती नसताना माहिती असल्याचा आव आणण्यापेक्षा हे बरं.

नेमकं त्याच सुमारास, १९४४ मध्ये, अमेरिकेत काही शहरांत माणसं घरोघर पाठवून 'काल तुम्ही कुठून कुठे गेलात' हे विचारायला सुरुवात झाली. ऐंशी वर्षं म्हटलं ती इथून.

आपल्याकडे मोजणीची पद्धत ठरली ती अशी: रस्त्याकडेला मांडव टाकायचा, पाळीपाळीने माणसं बसवायची, आणि सलग सात दिवस, चोवीस तास, वर्षातून दोनदा, एकदा सुगीच्या गर्दीत आणि एकदा मंदीत, उभ्या चार रेघा आणि पाचवी आडवी अशा खुणा करत राहायचं. मग वेगवेगळी वाहनं एका मापात आणायची. आयआरसीच्या १९९० च्या तक्त्यात खेड्यातल्या रस्त्यांसाठी मोटार म्हणजे १, ट्रक किंवा बस ३, ट्रॅक्टर-ट्रॉली ४.५ आणि मोठी बैलगाडी ८. आठ मोटारी बरोबर एक बैलगाडी! (मागे अडकलेल्या ड्रायव्हरला विचारा, पटेल.) याच तक्त्यात दुचाकी आहे ०.५. हा अर्धा आकडा लक्षात ठेवा.

शहराभोवती बायपास काढायचा तर एवढ्याने भागत नाही हे आयआरसीलाही माहीत होतं. १९८८ मध्ये त्यांनी खास बायपासच्या आधी करायच्या वाहतूक पाहणीवर वेगळी मार्गदर्शिका काढली, क्रमांक १०२. मुख्य हत्यार तेच जुनं: गाडी थांबवून विचारणं. पोलीस हात दाखवतो, पाहणीवाला कागद घेऊन खिडकीशी जातो. कुठून, कुठे, माल काय? म्हणजे 'कथा चालना भाऊ', सरकारी फॉर्मवर. दुसरं हत्यार नंबर प्लेटचं: शहराच्या दोन्ही तोंडांवर माणसं बसवून गाड्यांचे नंबर टिपायचे आणि नंतर जुळवायचे. जो नंबर इकडे दिसला आणि थोड्या वेळाने तिकडे दिसला, तो पार गेला. दोन्हीत कष्ट प्रचंड, आणि सगळ्या गाड्या थांबवणं अशक्य. म्हणून नमुना. म्हणून अंदाज. म्हणून गणित.

गणिताचा भाग मी धुळ्याच्या चौकात उभा राहून सांगतो. समजा नाशिककडून २ ट्रक आले, सुरतकडून २ आले. इंदूरकडे २ गेले, जळगावकडे २ गेले. एवढंच मोजलंय. तर नाशिकच्या ट्रकांपैकी इंदूरकडे किती गेले? ०, १ किंवा २, तिन्ही उत्तरं मोजणीशी तंतोतंत जुळतात. मग कोणतं धरायचं? चारांपैकी कोणते दोन इंदूरकडे गेले, हे ६ प्रकारांनी होऊ शकतं. त्यातल्या १ प्रकारात नाशिकचे दोन्ही जातात, १ प्रकारात एकही नाही, आणि उरलेल्या ४ प्रकारांत एकेक. म्हणजे दुसरं काहीच माहीत नसेल तर 'एक' हे उत्तर धरणं शहाणपणाचं. ट्रक दोनाऐवजी शंभर-शंभर घेतले तर मधलं उत्तर इतकं भारी पडतं की टोकाची उत्तरं विसरून जावीत. अ‍ॅलन विल्सन या इंग्रज माणसाने १९६७ मध्ये हीच कल्पना, एंट्रॉपी, प्रवासाच्या तक्त्याला लावली.

पण धुळ्याचा कोणताही चहावाला सांगेल की आग्रा रोडने आलेला ट्रक बहुतेक आग्रा रोडनेच पुढे जातो. एंट्रॉपीला हे माहीत नसतं. ती निम्मे-निम्मे वाटून मोकळी. म्हणून १९८० मध्ये व्हॅन झॉयलेन आणि विलम्सन या दोघांनी प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत चहावाल्याला जागा आहे: एखादा जुना कुठून-कुठे तक्ता असेल तो घ्या, आणि आजच्या मोजणीशी जुळेल इतपतच बदला, त्याहून जास्त नाही. पुढच्या कितीतरी पद्धती याच कल्पनेभोवती फिरतात. जुना तक्ता हवाच, कारण मोजणीने कोडं सुटत नाही. जळगाव जिल्ह्यात १५ तालुके, धुळ्यात ४. एकोणीस तालुक्यांत जाण्या-येण्याच्या जोड्या होतात १९ गुणिले १८, म्हणजे ३४२. समजा पन्नास ठिकाणी दोन्ही दिशांनी मोजलं तर समीकरणं मिळाली १००. अज्ञातं ३४२. शाळेत असं गणित आलं असतं तर आपण बाईंना 'चुकीचं आहे' म्हणून सांगितलं असतं :)

आपल्या धंद्यातल्या लोकांसाठी एक पिल्लू. १९९६ मध्ये येहुदा वार्दी या संख्याशास्त्रज्ञाने हाच प्रश्न कॉम्प्युटर नेटवर्कसाठी मांडला. राउटरच्या वायरीवरून किती पॅकेट गेली हे कळतं, कुठल्या शहरातून कुठल्या शहरात गेली हे त्या आकड्यात नसतं. त्याने याला नेटवर्क टोमोग्राफी म्हटलं. २००३ च्या सुमारास एटी अँड टी मधल्या संशोधकांनी त्यात वाहतूकवाल्यांचं 'गुरुत्वाकर्षण मॉडेल' (मोठी गावं एकमेकांना जास्त ओढतात) घालून ते मोठ्या नेटवर्कवर चालवून दाखवलं. तेव्हा पुढच्या वेळी कोणी म्हणालं की रस्तेवाल्यांना आयटीवाल्यांकडून शिकायला हवं, तर उधारी कुठल्या बाजूची आहे ते लक्षात असू द्या.

मे २००० च्या सुरुवातीला अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. शंभरेक मीटरची चूक दहा-वीस मीटरवर आली आणि ट्रकात डबी बसवण्यात अर्थ निर्माण झाला. रोची रोजनिशी आता दर मिनिटाला लिहिली जाऊ लागली.

या ठिपक्यांचं काय करायचं याची आजची रूढ पद्धत २००९ मध्ये न्यूसन आणि क्रम या मायक्रोसॉफ्टच्या दोघांनी मांडली. कल्पना साधी आहे. धुळ्याला पारोळा चौफुलीजवळ एक ठिपका पडला. जवळ दोन महामार्ग आहेत आणि सर्व्हिस रोडही. ठिपका कोणाचा? एकट्या ठिपक्यावरून ठरवू नका. प्रत्येक ठिपक्याला जवळचे तीन-चार रस्ते उमेदवार म्हणून ठेवा, आणि एका उमेदवारावरून पुढच्या ठिपक्याच्या उमेदवारावर जायला रस्त्याने जितकं अंतर पडतं ते ठिपक्यांमधल्या सरळ अंतराशी कितपत जुळतं ते बघा. पुढचा ठिपका पारोळ्याला पडला तर आधीचा आपोआप जळगावच्या रस्त्यावर बसतो, सोनगीरला पडला तर आग्रा रोडवर. फॉस्टरने तळटीपांत जे केलं तेच, फक्त इथे ते व्हिटर्बीचं अल्गोरिदम करतं, जे १९६७ पासून आहे.

आणि जिथे ते हरतं ती जागा बघा. दोन रस्ते शेजारी शेजारी, अंतर दहा-पंधरा मीटर, दोन्ही एकाच दिशेने जाणारे. पुढचा ठिपकाही काही सांगत नाही, कारण दोन्ही रस्ते तिथेच पोचतात. महामार्ग आणि त्याचा समांतर रस्ता. ज्या रस्त्यासाठी जळगावकर भांडले, तो वापरात आहे की नाही हे ठिपक्यांवरून सांगणं अवघड आहे.

जीपीएसशिवाय दुसरं साधन फास्टॅग. २०१४ पासून सुरू झाला, फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचा. ही नंबर प्लेटची जुनी पाहणीच, चोवीस तास चालणारी. मुंबईकडून आलेला ट्रक लळिंगला दिसला आणि थोड्या वेळाने सोनगीरला दिसला, म्हणजे धुळे सरळ ओलांडलं. सोनगीरला दिसलाच नाही, म्हणजे धुळ्यात थांबला किंवा वळला. वरचं एक-चार-एकचं कोडं इथे सुटतं. एका नाक्याची वही वाट सांगत नाही, पण दोन नाक्यांच्या वहीत तोच नंबर सापडला की सांगते. चारशे वर्षं ज्यांचं जमत नव्हतं त्यांचं असं जमलं.

तिसरं साधन ई-वे बिल, १ एप्रिल २०१८ पासून. ठरावीक किमतीच्या वरचा माल हलवायचा तर गाडीचा नंबर आणि दोन्ही टोकांचे पिनकोड आधीच भरायचे. रेल्वेच्या पावतीसारखं. पण यातली गंमत खानदेशातच कळते. ताज्या फळांना जीएसटी नाही, म्हणून त्यांना ई-वे बिलही लागत नाही. रावेर-यावलची केळी, ज्यांच्यासाठी ट्रकच्या रांगा लागतात, त्या यादीत नाहीत. कापूस आहे. म्हणजे ई-वे बिलावरून खानदेशाचा नकाशा काढला तर तो कापसाचा दिसेल आणि केळीचा दिसणार नाही.

चारशे वर्षांच्या या सगळ्या नोंदी ओळीने ठेवल्या तर जकात, टोल, तिकीट, पावती, फास्टॅग, ई-वे बिल, प्रत्येक वेळी लिहिलं गेलं ते ज्याच्याकडून काहीतरी वसूल करायचं होतं त्याचं. ट्रकातली डबीसुद्धा मालकाच्या पैशांवर लक्ष ठेवायला बसवलेली असते. राष्ट्रीय महामार्गावर दुचाकीला टोल नाही, रिक्षाला नाही, ट्रॅक्टरला नाही, बैलगाडीला नाही. चांगलंच आहे. पण टोल नाही म्हणून टॅग नाही, टॅग नाही म्हणून नोंद नाही.

हे नुसतं तात्त्विक रडगाणं नाही, म्हणून एक हिशोब. आकडे माझ्या मनाचे, जळगावचे नाहीत. एका शहरातल्या महामार्गावरून दिवसाला १०,००० वाहनं जातात. त्यातले ४,००० ट्रक, त्यांपैकी ३,००० पार जाणारे. ६,००० दुचाकी, त्यांपैकी १०० पार जाणाऱ्या. ट्रॅकिंगच्या डेटात फक्त ट्रक दिसतात, म्हणून पार जाणारी वाहतूक ७५ टक्के. आयआरसीच्या मापात ट्रकला ३ आणि दुचाकीला अर्धा दिला तर ६० टक्के. डोकी मोजली तर ३,१००, म्हणजे ३१ टक्के. तीन आकडे, तिन्ही बरोबर, रस्ता तोच. पहिला आकडा हातात घेतलेला माणूस म्हणेल, बायपास करा, प्रश्न सुटला. तिसरा हातात घेतलेला म्हणेल, बायपास कराच, पण दहातली सात माणसं उद्याही याच रस्त्यावर असणार आहेत, त्यांचं काय? डेटा जितका जास्त आणि जितका आकर्षक, तितका पहिला आकडा पुढे येतो. ठिपक्यांचा नकाशा काळ्या पार्श्वभूमीवर चमकतो ना! मांडवातल्या रेघा चमकत नाहीत.

मोबाइल फोनच्या ठिपक्यांत दुचाकीवाले येतात, हे खरं. पण तिथे दुसरी अडचण. २०१३ मध्ये द मॉन्जॉय आणि सहकाऱ्यांनी १५ लाख लोकांच्या मोबाइल नोंदी तपासून दाखवलं की नाव काढून टाकलं तरी वेळ आणि ठिकाण अशा फक्त चार नोंदींवरून ९५ टक्के माणसं एकमेकांपासून वेगळी ओळखता येतात. रात्री ठिपका थांबतो ते घर, सकाळी थांबतो ते कॉलेज. स्कूटीवरच्या त्या मुलीने 'कथा चालना' याचं उत्तर चौकातल्या ओळखीच्या माणसाला दिलं, ते सगळ्यांना दिलेलं नसतं.

आणि जी पायी रस्ता ओलांडते तिच्यासाठी अजून एकच सूत्र आहे, पीव्ही-वर्ग. पी म्हणजे गर्दीच्या तासात ओलांडणारी माणसं, व्ही म्हणजे त्या तासात जाणारी वाहनं. पी गुणिले व्हीचा वर्ग दहा कोटींच्या वर गेला (दुभाजक असेल तर वीस कोटींच्या), तर तिथे नियंत्रित क्रॉसिंग द्यावं. तासाला १,००० वाहनं असतील तर दुभाजक नसलेल्या रस्त्यावर १०० माणसं पुरतात. आता बायपास सुरू होऊन वाहनं ७०० झाली असं धरा. वर्गामुळे गुणाकार निम्म्यावर येतो, आणि त्याच क्रॉसिंगसाठी आता २०० च्या वर माणसं दाखवावी लागतात. रस्ता ओलांडणारी शंभर माणसं होती तितकीच आहेत. व्ही मोजायला आता टॅग आहेत, कॅमेरे आहेत, उपग्रह आहेत. पी मोजायला प्रभात चौकात सकाळी कोणीतरी कागद घेऊन उभं राहावं लागतं, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी.